मौसाजी आणि पट्ट्यांचा बंगला

काळजी नावाची जी वस्तू देवानं बनवली, तिच्या विदर्भातल्या वाटपाचं काम आमच्या मौसाजींकडे होतं, आणि वाटप न करता सगळा माल त्यांनी आपल्याच घरी ठेवून घेतला होता, असं माझं ठाम मत आहे. मौसाजी म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. सरकारी कचेरीत बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, अंगानं काडीसारखे, आणि कपाळावर कायम तीन आठ्या. चारचौघांना काळजी करायला काही निमित्त लागतं. मौसाजींना ते लागत नसे. पोस्टमन पत्र घेऊन आला तर कुणाचं काय झालं असेल ही काळजी, आणि नाही आला तर पोस्टमनचं काय झालं असेल ही. दुपारी तीनच्या गाडीनं नरखेडला आमच्या घरी यायचं असलं की हे सकाळी दहालाच वळकटी घेऊन स्टेशनवर हजर, कारण गाडी वेळेच्या आधी आली तर काय करणार? "मौसाजी, गाडी कधी वेळेच्या आधी आली आहे का?" असं मी एकदा न राहवून विचारलं. "आजपावतर नाई आली," ते गंभीरपणे म्हणाले, "म्हणूनच तर आता तिची पाळी आहे."

पण गाडी काय, पोस्टमन काय, ही सगळी किरकोळ गिऱ्हाइकं. मौसाजींच्या काळजीचा ठोक व्यवहार चालायचा तो ते राहत होते त्या घराशी. नागपुरातल्या सदर भागात, चिंचांच्या रांगेच्या शेवटी ते घर होतं, आणि सगळे रिक्षावाले त्याला पट्ट्यांचा बंगला म्हणत. कधीकाळी एक इंग्रज इंजिनियर नागपुरात नोकरीला होता. त्याला आपल्या गावाकडच्या आजोबांच्या घराची इतकी आठवण येई, की शेवटी त्यानं तसंच घर इथं बांधून घेतलं. चांद्याच्या सागवानाचा आडवा, उभा, तिरपा सांगाडा, त्याला काळं डांबर फासलेलं, मधल्या जागेत विटा आणि वर पांढरा चुना. वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे आलेला. अख्ख्या सांगाड्यात लोखंडाचा एक खिळा नाही, सगळी जोडणी खाचांची आणि लाकडाच्याच मेखांची. खिडक्या वीतभर. विलायतेत त्या बाहेरची थंडी आत येऊ नये म्हणून असतील, नागपुरात त्या आतली गरमी बाहेर जाऊ देत नसत. आणि छप्पर असं उतरतं, की त्यावर पडलेला बर्फ आपोआप घसरून जावा. या घरात मौसाजी निर्धास्त होते ते एवढ्या एका छपराच्या बाबतीत. "नागपुरात बर्फ पडला तं आपलं घर वाचून जाईन," ते म्हणत, "बाकीच्या मोहल्ल्याचं काय होईन याची मले फिकर आहे."

साहेब लोक गेले, बंगला सरकारकडे आला आणि त्याचं क्वार्टर झालं. पण कुणी तिथं राहायला धजेना, कारण ते घर आवाज करायचं. मौसाजींचा क्वार्टरच्या यादीतला नंबर इतका खाली होता, की रिटायर व्हायच्या आत लागला असता तर नवल. हा बंगला तेवढा रिकामा पडलेला. मावशीला आवारातली विहीर आणि कडुनिंब आवडला आणि ते दोघं तिथं राहायला गेले. पुढं सत्तरच्या आसपास मला नागपुरात मुलींच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली, खोली मिळेपर्यंत पंधरा दिवस म्हणून मी त्यांच्याकडे उतरले आणि सहा वर्षं राहिले. त्यामुळे हे जे सांगते आहे ते ऐकीव नाही, भोगलेलं आहे.

पहिल्याच दिवशी मी जिना चढत होते, तर खालून आवाज आला, "काहून वं पोरी, धावून काहून राहिली? जिना काई पळून नाई चालला." त्या घरात धावायचं नाही, उडी मारायची नाही, पाटा-वरवंटा बाहेर कडुनिंबाखाली, आणि वरच्या मजल्यावर दोन माणसांनी एका फळीवर उभं राहायचं नाही, हे कायदे मला त्या दिवशी कळले. पाहुणे आले की मौसाजी त्यांना वर बसवत ते तुळया बघून. भारी माणूस जाड तुळईच्या वर, हडकुळा दोन तुळयांच्या मधे. एकदा माझे मामा, म्हणजे मावशीचे थोरले भाऊ, संत्र्याचं टोपलं घेऊन आले. मामा संत्र्याच्या बागेचे मालक आणि देहानं बागेला शोभतील असे. ते सतरंजीवर टेकतात न टेकतात तोच मौसाजींनी त्यांना अत्यंत अदबीनं त्यांचं वजन विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता टोपल्यासकट भिंतीकडे सरकायला सांगितलं. "मी काय कापसाची गाठ हाय काय जी, इकून तिकडं सरकवाले?" म्हणून मामा जे उठले ते जेवायलाही थांबले नाहीत. संत्री मात्र ठेवून गेले.

रोज सकाळी आंघोळ झाली की देवाला फूल वाहायच्या आधी मौसाजी सगळ्या खांबांवर बोटाची पेरं आपटत हिंडत. टक टक करायचं, कान लावायचा, पुढं जायचं. "आज न्हाणीजवळचा पोकळ वाजून राहिला," असं ऐकू आलं की मावशी आणि मी समजायचो, आज घासलेटाची बाटली निघणार आणि दिवसभर पोळीलासुद्धा घासलेटाचा वास येणार. उधई, म्हणजे वाळवी, लागली असेल या धास्तीपायी एवढं घासलेट त्या खांबांनी प्यायलं होतं, की मौसाजी त्यांच्याजवळ उदबत्तीही लावू देत नसत. मावशी कधी कावली तर म्हणे, "लग्नाले बावीस वर्षं झाले, माही तब्येत कशी आहे हे कधी नाई इचारलं. खांबायले रोज इचारते."

पण या सगळ्यावर कडी होती ती लग्नपत्रिकांची. कुणा ओव्हरसियरनं त्यांना सांगितलं होतं, की जिथं फट दिसेल तिथं आडवी कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टी फाटली तर समजायचं की घर हललं. त्या काळी लग्नपत्रिका गुलाबी, पिवळ्या, पातळ कागदावर छापलेल्या येत आणि त्याची पट्टी फाटायला फार उत्तम. मौसाजींकडे आलेली एकही पत्रिका टाकली जात नसे. मावशीनं कणकेची खळ शिजवायची, मी पट्ट्या कापायच्या, आणि मौसाजींनी स्टुलावर चढून त्या प्रत्येक सांध्यावर लावायच्या. होळी होऊन ऊन तापायला लागलं की पट्ट्या पटापट फाटत. मग मौसाजी एकेका सांध्यासमोर मयताला आल्यासारखे उभे राहत. चिरंजीव या खांबावर, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी त्या तुळईवर, आणि मधे फट. शेजारच्या कुठल्याशा जोडप्याची पट्टी अशी फाटली, तर ते दोघं नीट नांदताहेत ना, हे बघायला मौसाजी त्यांच्या घरी जाऊन आले.

खरं तर घराला काहीही झालेलं नव्हतं. उन्हाळ्यात दिवसभर तापलेलं लाकूड संध्याकाळी पाचच्या सुमारास निवायला लागे, आणि मग इकडे कट्, तिकडे कर्र, वर कुणी दात खाल्ल्यासारखा कडकड आवाज. हे तासभर चाले. हा सगळा वेळ मौसाजी अंगणात न बसता बरोबर घराच्या मधोमध खुर्ची टाकून बसत. घर पडणार असलं तर तिथं कशाला बसायचं, हा प्रश्न मी विचारला होता. "आजारी माणसापासून उठून जाते काय कोणी?" असं ते म्हणाले, आणि त्यानंतर मी त्यांची चेष्टा थोडी कमी केली.

मौसाजींचं दुसरं औषध म्हणजे अर्ज. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्यांचे अर्ज वाचण्यात घालवली होती, त्यामुळे स्वतःचा अर्ज ते फार रंगून लिहीत. घरानं जरा जास्त आवाज केला की मौसाजी टेबलाशी बसत आणि क्वार्टरच्या खात्याला लिहीत, की सदर इमारत दिवसेंदिवस धोकादायक होत असून जिना कलला आहे, खांब पोकळ झाला आहे, वरच्या मजल्यावर चालताना जीव मुठीत धरावा लागतो, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. कार्यवाही व्हावी असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. कुणी पोथी वाचून उठतं तसे ते अर्ज लिहून उठत, चेहरा शांत होई आणि जेवण दोन घास जास्त जाई. खातंही समजूतदार होतं. ते अर्ज फायलीला लावत असे आणि गप्प बसत असे.

आणि त्यांच्या काळजीला समुद्राची अडचण होती असंही नाही. जिन्याच्या वळणावर त्या इंग्रजानं टांगलेलं एक जुनं चित्र होतं, त्याच्या आजोबांच्या गावातल्या घराचं. ज्याची नक्कल म्हणून आमचा बंगला उभा होता ते अस्सल घर. तेच काळे पट्टे, तेच पुढे आलेलं माडीचं पोट, पण सगळं घर एका अंगाला असं झुकलेलं, की बघणाऱ्यानं आपोआप मान वाकडी करावी. खाली गावाचं नाव लिहिलं होतं आणि आम्ही तिघं त्याचा उच्चार तीन तऱ्हांनी करायचो. मौसाजी जाता-येता त्या चित्रापाशी थांबत. "पाह्य वं, किती झुकलं आहे. पडलं असन काय?" एक दिवस त्यांनी सरळ त्या गावच्या पोस्टमास्तरांना इंग्रजीत पत्र घातलं, की आपल्या गावी अमुक एक घर असून ते अद्याप उभं आहे किंवा कसं, ते कृपया कळवावं, त्याचीच नक्कल असलेल्या येथील घरात राहणाऱ्या आम्हांस चिंता लागून राहिली आहे. मावशीनं कपाळावर हात मारला. त्या वर्षीचा पावसाळा गेला, थंडी गेली, उत्तर आलं नाही, म्हणजे मौसाजींच्या हिशेबी घर पडलं होतं आणि त्याखाली पोस्टमास्तर सापडले होते.

उन्हाळा सुरू झाला आणि एक दिवस दुसरंच पत्र आलं. क्वार्टरच्या खात्यात कोणी नवे, उत्साही इंजिनियर रुजू झाले होते. त्यांनी जुन्या फायली काढल्या, त्यात मौसाजींचे अर्ज सापडले, आणि इतक्या वर्षांत ते मन लावून वाचणारा पहिला माणूस मौसाजींना भेटला. पत्रात लिहिलं होतं, की आपल्या वारंवारच्या तक्रारींची गंभीर दखल घेण्यात आली असून सदर धोकादायक इमारत पाडून तेथे सिमेंटची क्वार्टर्स बांधण्याचा विचार आहे. इंजिनियरसाहेब पुढच्या आठवड्यात स्वतः पाहणीला येतील आणि त्यांच्या अहवालावर निर्णय होईल.

मौसाजींनी पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, आता ते हुश्श म्हणतील. ते उठले, न्हाणीजवळच्या खांबापाशी गेले आणि त्याला नुसता हात लावून उभे राहिले. "म्याच मारलं वं याले," ते म्हणाले. "म्याच लिहून लिहून मारलं." मावशी चहा घेऊन आली होती. गेली कितीतरी वर्षं ती या घराला 'भुताचा खोका' म्हणत होती, पण ती कप हातात धरून तशीच जिन्यावर बसली आणि पदर डोळ्यांना लावला. या दोघांना मूलबाळ नव्हतं, आणि होतं ते हेच होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतरच्या दोन दिवसांत मौसाजींनी लोहाराकडून दोन डझन बोल्ट करवून आणले. बेत असा, की सगळे सांधे बोल्टांनी आवळून टाकायचे, म्हणजे साहेब येतील तेव्हा घर तोंड उघडणार नाही. लोहार शनिवारी येणार होता. आणि शुक्रवारी, विश्वास ठेवा अगर ठेवू नका, विलायतेचं पत्र आलं. पोस्टमास्तरांचं नव्हे. ते ज्या घराबद्दल विचारलं होतं त्या घरात राहणाऱ्या एका म्हातारीचं. मौसाजींनी ते न फोडताच माझ्यापुढे धरलं, तेव्हा ते मीच वाचून दाखवलं आणि मावशीला मराठीत सांगितलं.

म्हातारीनं लिहिलं होतं: 'तुमचं पत्र गावात सगळ्यांनी वाचलं, म्हणून माझ्यापर्यंत यायला उशीर झाला. घर उभं आहे. मी हे त्याच घरात बसून लिहिते आहे आणि टेबल घसरू नये म्हणून त्याच्या दोन पायांखाली ठोकळे लावले आहेत. माझ्या आजीच्या लहानपणीही हे इतकंच झुकलेलं होतं. ओल्या हवेत ते फुगतं, कोरड्या हवेत आकसतं आणि दोन्ही वेळा आवाज करतं. माझ्या नवऱ्याला तो आवाज सहन होत नसे. त्यानं एक खांब लोखंडी बोल्टनं आवळून टाकला, आणि त्याच उन्हाळ्यात तो खांब उभा तडकला. तुम्ही लोखंड लावू नका. लाकडाला लाकडाचीच मेख पुरते. तुमच्याकडे ऊन फार असतं म्हणतात, तेव्हा तुमचं घर आमच्यापेक्षा बडबडं असेल. ते गप्प झालं तर मला जरूर कळवा.'

मी पत्राची घडी घातली. मग मौसाजी म्हणाले, "बाई एकटीच राह्यते वाटते. ते ठोकळे सरकले तं?" आणि डोळे पुसत त्यांनी बोल्टांची गोणी उचलून सायकलीला बांधली आणि लोहाराला परत देऊन आले. म्हणजे आता साहेब येणार, घर आवाज करणार, आणि मौसाजींना तो आवाज ऐकून न घाबरता उभं राहायचं. मला घराची भीती वाटत नव्हती, मौसाजींची वाटत होती.

रविवारी आम्ही तिघांनी ओल्या फडक्यांनी लग्नपत्रिका खरवडल्या. किती संसार त्या दिवशी मोडले याची गणती नाही. साहेबांनी सोमवारी सकाळी आठची वेळ दिली होती, आणि सकाळी घर अगदी गरीब गाईसारखं असे, हेच आमचं एक भांडवल. मौसाजी सहालाच कोट घालून तयार. आठ वाजले, दहा वाजले, बारा वाजले. साहेब नाहीत. टळटळीत ऊन, रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. दुपारभर मौसाजी कोट न काढता घामानं निथळत फाटकाशी येरझारा घालत राहिले. साहेबांची जीप आली ती बरोबर पाच वाजता, आणि साहेबांनी पायरीवर पाऊल टाकलं त्याच क्षणी वरून कर्र असा लांबलचक आवाज आला.

"हे काय?" साहेब थबकले. चांगले दणकट, तरणेबांड गृहस्थ होते, हातात मौसाजींच्या अर्जांची जाडजूड फाईल.

"घर आहे साहेब. बोलून राहिलं," मौसाजी म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता. "कोरड्या हवेत बोलते. विलायतेतही बोलते. चिठ्ठी आली आहे."

साहेबांनी फाईल उघडली. "तुम्हीच लिहिलं आहे, की न्हाणीजवळचा खांब पोकळ वाजतो."

"तवा माह्या कानात मळ होता साहेब."

"आणि जिना कलला आहे म्हणून लिहिलंत, ते?"

"जिना सीधा होता साहेब. माही कंबर धरली होती, मीच कलून चालत होतो."

"वरच्या मजल्यावर चालताना जीव मुठीत धरावा लागतो, ही सहीसुद्धा तुमचीच ना?"

मौसाजींनी एकदा मावशीकडे बघितलं. मग ते म्हणाले, "चला साहेब वर. तुम्हीच पाहा."

आम्ही सगळे वर गेलो. साहेबांनी खांब बघितले, मेखा बघितल्या, चाकूचं टोक खुपसून लाकूड बघितलं. एका कोपऱ्यात आमच्या नजरेतून सुटलेली एक गुलाबी पट्टी त्यांना दिसली आणि ते वाकून वाचायला लागले. "लग्नपत्रिका आहे जी," मावशी घाईनं पुढं झाली, "आमच्यात जपून ठेवते." साहेबांनी मान डोलावली. मग ते खोलीच्या मधोमध आले आणि त्यांनी फळ्यांवर पाय आपटून बघितला. आवाज झाला. मौसाजींचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. साहेबांच्या कपाळावर आठी आली, त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं. आता ते काय लिहिणार हे आम्हां तिघांनाही दिसत होतं.

आणि मौसाजींनी उडी मारली. ज्या माणसानं त्या जमिनीवर आयुष्यात टाच टेकली नव्हती, त्यानं कोट-टोपीसकट दोन्ही पाय उचलून उडी मारली. घरभर कडकड असा आवाज घुमला. त्यांनी आणखी एक मारली. "तुम्हीही मारा साहेब," ते धापा टाकत म्हणाले, "अंगानं भरलेले आहात, तुमची उडी कामाची. मारा नं!" साहेब आधी अवघडले, मग हसले, आणि फाईल मावशीच्या हातात देऊन खरोखरच त्यांनी उडी मारली. मग दोघांनी मिळून मारली. मावशी भिंतीला पाठ लावून डोळे मिटून पुटपुटत होती. खांब जागचे हलले नाहीत, तुळया वाकल्या नाहीत, वीतभर खिडकीची एक काचसुद्धा निखळली नाही. साहेब घाम पुसत म्हणाले, "बाबूजी, आमच्या नव्या क्वार्टरांत मी असली उडी मारणार नाही." खाली जाताना मौसाजींनी जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

आठ दिवसांनी पत्र आलं. इमारत पूर्ण मजबूत, पाडण्याचं कारण नाही. मावशीनं त्या दिवशी गोळाभात केला आणि मौसाजींनी तो पोटभर खाल्ला, अर्ज न लिहिता. तो उन्हाळा त्यांचा फार सुखात गेला. संध्याकाळी घर बोलायला लागलं की ते खुर्चीत मागं रेलून ऐकत.

पण सरकारी कागदावर एकदा 'मजबूत' असं लिहिलं गेलं, की तो कागद पुढंही कुणीतरी वाचतं. पावसाळ्यानंतर हुकूम आला. एवढी मजबूत, प्रशस्त, विहीर आणि आवार असलेली इमारत बाबू लोकांच्या श्रेणीत बसत नव्हती. ती नव्यानं बदलून आलेल्या एका बड्या साहेबांना देण्यात आली होती, आणि मौसाजींना सिमेंटच्या नव्या वसाहतीत दोन खोल्या.

मला भयंकर राग आला. मीच सुचवलं, "मौसाजी, एक अर्ज लिहा. खांब पोकळ आहे, उधई आहे, जिवाला धोका आहे. असं वाचल्यावर तो साहेब इथं पाऊल टाकणार नाही." त्यांनी कागद घेतला, टाक घेतला आणि टेबलाशी बसले. दुपार गेली, संध्याकाळ झाली. मी चहा ठेवायला गेले तेव्हा कागद कोराच होता. "लिहिलं तं साहेब नाई येईन," ते म्हणाले, "पण मंग हे पाडतीन." त्यांनी टाक धुऊन ठेवून दिला.

सामान हलवायच्या दिवशी नव्या साहेबांच्या पत्नी घर बघायला आल्या. पुण्याकडच्या होत्या, वयानं लहान, जरा बिचकलेल्या. खांबांवरून हात फिरवत त्यांनी मौसाजींना विचारलं, "काका, इथे आवाज येतात म्हणे. काळजी करण्यासारखं काही नाही ना?"

मावशीनं आणि मी एकमेकींकडे बघितलं. तिसरी पायरी, न्हाणीजवळचा खांब, श्रावणात फुगणारं दार, मधल्या तुळईवर किती माणसं बसवायची. त्या माणसापाशी सांगण्यासारख्या निदान शंभर गोष्टी होत्या, आणि त्या विचारणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदा समोर उभं होतं. मौसाजींचे ओठ हलले. मग त्यांनी टोपी सारखी केली. "काई नाई बाईसाहेब," ते म्हणाले. "लाकूड आहे, थोडंसं बोलते. बिनघोर राहा."

रिक्षानं चिंचांची रांग ओलांडली. मग मौसाजी हळूच म्हणाले, "न्हाणीजवळचं तेवढं सांगाले पाह्यजे होतं काय वं?"

"परत जाऊन सांगू का?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "लेकरू आहे, उगीच भिऊन जाईन. मी आहे नं." पुढं ते अकरा वर्षं होते, आणि त्या अकरा वर्षांत पट्ट्यांच्या बंगल्यात जे जे राहून गेले त्यांच्यापैकी कुणालाही घराची काळजी करावी लागली नाही.